नळीची उंची: पोलादाच्या पेटंटांवरचे वाद

पोलाद बनवण्याच्या पद्धतींवरचे पेटंटचे खटले बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन अडतात. पद्धत नवी आहे हे मान्य केले, तरी त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती सहज सुचली नसती का? सुचली असती असे न्यायालयाचे मत झाले की पेटंट रद्द होते. पोलादाच्या बाबतीत हा निर्णय करणे विशेष अवघड असते, कारण या धंद्यातले मूळ पदार्थ मोजकेच आहेत आणि तेही जुने: लोखंड, कर्ब, हवा, चुना, मँगनीज. एकही पदार्थ कुणी नव्याने शोधलेला नसतो. नवेपणा असतो तो कोणती गोष्ट केव्हा घालायची, किती घालायची, झोत कुठून आणि किती जोराने सोडायचा यात. भट्टीतून चांगले पोलाद बाहेर येईपर्यंत हा फरक कुणाला दिसत नाही, आणि आल्यावर तो सगळ्यांना किरकोळ वाटू लागतो.

‘सहज सुचण्याजोगे’ ही कसोटी कायद्यात हळूहळू आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1851 मध्ये हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड या खटल्यात दारांच्या मुठीवरचे एक पेटंट नाकारले. धातू किंवा लाकडाऐवजी चिनी मातीची मूठ बसवणे हे कुशल कारागिराचे काम आहे, संशोधकाचे नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढची शंभर वर्षे ही कसोटी निकालपत्रांमधूनच चालत राहिली. 1952 च्या अमेरिकी पेटंट कायद्याने ती कलम 103 मध्ये लिहून काढली: शोध लागला त्या वेळी त्या विषयातल्या सामान्य कौशल्याच्या माणसाला तो उघड वाटला असता, तर पेटंट मिळणार नाही. यातले ‘त्या वेळी’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. नंतर मिळालेले ज्ञान बाजूला ठेवून मागच्या तारखेला उभे राहून पाहायचे, हे न्यायाधीशाला करावे लागते. पोलादाचे खटले पाहिले की ते किती कठीण आहे हे कळते.

सुरुवातीच्या मोठ्या वादांपैकी एकाचे धागेदोरे थेट भारतात पोहोचतात. जोसाया मार्शल हीथ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी होता. नोकरी सोडून त्याने 1830 च्या सुमारास दक्षिण अर्काटच्या किनाऱ्यावर पोर्टो नोव्हो, म्हणजे आजचे परंगीपेट्टै, इथे लोखंडाचा कारखाना उभारला. सेलमचे उत्तम खनिज आणि लाकडी कोळसा वापरून युरोपी पद्धतीने लोखंड काढायचा हा भारतातला अगदी आरंभीचा प्रयत्न. दक्षिणेतल्या ‘वूट्झ’ पोलादाचाही त्याने अभ्यास केला होता. पोर्टो नोव्होचा व्यवहार तोट्यातच राहिला, पण इंग्लंडला परतल्यावर शेफील्डच्या मुशींमध्ये हीथने जे केले त्याने तिथला धंदा बदलला. मुशीतल्या पोलादात मँगनीज आणि कर्ब यांचे संयुग एक ते तीन टक्के घातले, की साध्या आणि स्वस्त लोखंडापासूनही असे पोलाद मिळते जे ठोकून लोखंडाला जोडता येते. चाकू-सुऱ्या करणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. 1839 च्या एप्रिलमध्ये हीथला त्याचे पेटंट मिळाले.

हे संयुग हीथ वेगळे तयार करून पुड्यांमधून विकत असे आणि शेफील्डमध्ये अन्विन नावाचा त्याचा प्रतिनिधी ते काम पाही. पुढे हीथलाच याहून स्वस्त वाट सापडली. मँगनीजचे काळे ऑक्साइड आणि डांबरासारखा कर्बयुक्त पदार्थ सरळ मुशीत टाकला तरी तेच फळ मिळते. त्याने ही युक्ती अन्विनला सांगितली. अन्विनने त्याच युक्तीने स्वतःच पोलाद बनवायला सुरुवात केली आणि हीथला काही देण्याचे कारण नाही अशी भूमिका घेतली. पेटंटमध्ये लिहिले होते ते तयार संयुगाबद्दल. ऑक्साइड आणि डांबर मुशीत टाकण्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. शेफील्डचे इतर कारखानदारही त्याच वाटेने गेले आणि अन्विनच्या बचावामागे एकत्र उभे राहिले. हीथ विरुद्ध अन्विन हा वाद अनेक वर्षे वेगवेगळ्या न्यायालयांत फिरला. हीथ 1851 मध्ये वारला. त्याच्या पश्चात 1855 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने अंतिम निकाल अन्विनच्या बाजूने दिला.

सहजतेचा प्रश्न इथे उलट बाजूने आला होता. ऑक्साइड आणि कर्ब एकत्र तापले की मुशीतच आधी ते संयुग तयार होते आणि मग पोलादात मिसळते, हे रसायनशास्त्र 1839 मध्ये कुणालाही माहीत असल्याचे दिसत नव्हते. ते तेव्हा उघड असते, तर अन्विनची कृती म्हणजे हीथच्याच पद्धतीचा वेगळा वेश ठरली असती. ते उघड नव्हते, म्हणून ती स्वतंत्र ठरली. ज्या माणसाने दोन्ही वाटा शोधल्या, त्याच्या दुसऱ्या शोधाचे नवेपण त्याच्या पहिल्या शोधाविरुद्ध वापरले गेले. कायद्याच्या शब्दांपुरता हा निकाल समजू शकतो, पण हीथवर अन्याय झाला असेच म्हणावे लागते.

मँगनीजचा हा धागा पुढच्या पिढीच्या वादातही पुन्हा येतो. हेन्री बेसेमरने ऑगस्ट 1856 मध्ये चेल्टनहॅमला ब्रिटिश असोसिएशनपुढे आपली पद्धत मांडली. वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवा फुंकली की त्यातला कर्ब आणि सिलिकॉन जळतो आणि त्या जळण्याच्याच उष्णतेने धातू वितळलेला राहतो, वेगळे इंधन लागत नाही. कारखानदारांनी परवाने घेतले आणि त्यांच्या हाती ठिसूळ, फुटके पोलाद आले. एक कारण फॉस्फरस होते. दुसरे असे, की फुंकून झाल्यावर धातूत ऑक्सिजन शिल्लक राही. रॉबर्ट मुशेटने त्यावर उपाय काढला: फुंकणे संपल्यावर मँगनीज आणि कर्ब असलेले ‘स्पीगेलआयझेन’ हे जर्मन लोखंड टाकायचे. त्याने 1856 मध्येच पेटंट घेतले, पण 1859 मध्ये भरायचे 50 पौंडांचे शुल्क ज्यांच्याकडे ते सोपवले होते त्यांनी भरले नाही आणि पेटंट गेले.

बेसेमरचे म्हणणे असे, की पोलादात मँगनीज घालणे हीथच्या काळापासून सर्वांना ठाऊक आहे आणि हीथच्या पेटंटची मुदत संपलेली आहे, तेव्हा मुशेटचे पेटंट जिवंत असते तरी ते बंधनकारक नव्हते. मुशेटच्या बाजूचे लोक विचारत, की इतके ठाऊक होते तर बेसेमरने ते आधी का केले नाही? हा प्रश्न न्यायालयात कधी निकाली निघाला नाही. बेसेमरने पुढे मुशेटला वर्षाला 300 पौंड देऊ केले आणि ते त्याला मिळत राहिले. मात्र दोन्ही बाजूंचे युक्तिवाद जसेच्या तसे विसाव्या शतकापर्यंत आले. ‘घटक ठाऊक होते’ असे एक बाजू म्हणते आणि ‘मग तुम्ही का केले नाही’ असे दुसरी विचारते.

अमेरिकेत बेसेमरला केंटकीतला विल्यम केली आडवा आला. एडीव्हिलजवळच्या आपल्या भट्टीवर हवा फुंकण्याचे प्रयोग आपण आधीच केले होते, असा त्याचा दावा होता. पेटंट कार्यालयाने तो मानला आणि जून 1857 मध्ये त्याला पेटंट दिले. हा वाद आधी कोण याचा होता, सहजतेचा नव्हे. तरी त्याचा व्यावहारिक परिणाम मोठा झाला. केलीचे हक्क घेतलेल्या मंडळींनी 1864 मध्ये मिशिगनमधल्या वायंडॉटला, तर बेसेमरचे हक्क घेतलेल्यांनी 1865 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयला पोलाद काढले. दोघांनाही एकमेकांवाचून पुढे जाता येईना, म्हणून 1866 मध्ये त्यांनी पेटंटे एकत्र केली. इंग्लंडात फॉस्फरसचा प्रश्न सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने चुन्याच्या अस्तराने सोडवला. तिथेही जॉर्ज स्नेलसने 1872 मध्येच तशा अस्तराचे पेटंट घेतलेले निघाले. तो वाद सामोपचाराने मिटला आणि 1883 चे बेसेमर सुवर्णपदक थॉमस व स्नेलस दोघांना मिळाले.

सहजतेची खरी परीक्षा झाली ती ऑक्सिजनच्या पोलादावर. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरण्याची कल्पना खुद्द बेसेमरनेच नोंदवून ठेवली होती. हवेचा चार-पंचमांश भाग नायट्रोजन असतो. तो उष्णता खातो आणि थोडा धातूत मुरून पोलाद ठिसूळ करतो. मोटारींच्या पत्र्यासाठी असे पोलाद चालत नाही. पण ऑक्सिजन टनांनी मिळणार कुठून? लिंडेच्या पद्धतीने हवा द्रवरूप करून तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढणे विसाव्या शतकाच्या आरंभी साधले, आणि 1930 च्या आसपास लिंडे-फ्रेंकल पद्धतीने ऑक्सिजन कारखान्याला परवडेल इतका स्वस्त झाला. तरी अडचण राहिलीच. कन्व्हर्टरच्या, म्हणजे ज्या भांड्यात वितळलेले लोखंड फुंकतात त्याच्या, तळातून शुद्ध ऑक्सिजन सोडला की तळाची तोंडे काही वेळातच जळून जात.

तेव्हा झोत वरून सोडायचा. इथपर्यंत अनेकजण पोहोचले होते. स्विस धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट ड्युरर बर्लिनला प्राध्यापक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो स्वित्झर्लंडला परतला आणि गेर्लाफिंगेनच्या फॉन रोल कारखान्यात हेलब्रुगे या सहकाऱ्यासह प्रयोग करू लागला. 1948 मध्ये अडीच टनांच्या लहान कन्व्हर्टरमध्ये पाण्याने थंड ठेवलेल्या नळीतून वरून ऑक्सिजन सोडून त्यांनी पोलाद काढले. त्याआधी कार्ल श्वार्त्स याने आवाजाहून वेगवान झोत धातूत खोलवर घुसवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. त्यामागचा तर्क सरळ होता. खालून फुंकलेली हवा धातूला ढवळते. वरून फुंकायचे असेल तर झोताने खोल जाऊन तेच काम केले पाहिजे.

ऑस्ट्रियातल्या लिंझच्या कारखान्याला नव्या पद्धतीची तातडीने गरज होती. युद्धानंतर तिथे भंगार फार कमी मिळे आणि तेव्हा प्रचलित असलेल्या ओपन हार्थ, म्हणजे उथळ तळाच्या, भट्टीला भंगार हवेच असते. तेओडोर झ्यूस याच्या नेतृत्वाखालच्या चमूने जून 1949 मध्ये दोन टनांच्या कन्व्हर्टरवर प्रयोग सुरू केले. खोल घुसणाऱ्या झोताने नळी जळू लागली आणि तळाचे अस्तर झिजू लागले. मग त्यांनी नळी वर घेतली. झोत धातूत खोल न जाता पृष्ठभागावर आपटू लागला, आणि जे कुणी अपेक्षिले नव्हते ते घडले. आघाताच्या जागी प्रचंड तापमान निर्माण झाले, कर्ब वेगाने जळताना सुटणाऱ्या वायूने धातू आपोआप ढवळला गेला, आणि वर तयार झालेल्या लोह-ऑक्साइडयुक्त चुन्याच्या मळीत फॉस्फरस लवकरच निघून गेला. तळ वाचला, नळी वाचली. ओपन हार्थमध्ये ज्या कामाला आठ-दहा तास लागत, त्यातले फुंकण्याचे काम वीस मिनिटांच्या आसपास होऊ लागले.

लिंझमध्ये नोव्हेंबर 1952 मध्ये आणि दोनावित्समध्ये 1953 मध्ये औद्योगिक उत्पादन सुरू झाले. या दोन गावांच्या आद्याक्षरांवरून पद्धतीला एल.डी. म्हणू लागले. झ्यूस, ट्रेंकलर, हाउट्मान आणि रिनेश या चौघांच्या नावे 1957 मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट निघाले. परवाने देण्याचे काम झ्यूरिकची ब्रासर्ट ऑक्सिजन टेक्निक ही कंपनी पाही आणि अमेरिकेतले हक्क हेन्री कायझरच्या कंपनीकडे होते.

अमेरिकेत ही पद्धत प्रथम वापरली ती डेट्रॉइटजवळच्या मॅक्लाउथ स्टील या लहान कंपनीने. तिने 1954 च्या अखेरीस ट्रेंटनला ऑक्सिजन कन्व्हर्टर सुरू केले. त्याच्या नव्वद वर्षे आधी देशातले पहिले बेसेमर पोलाद जिथे निघाले ते वायंडॉट ट्रेंटनपासून काही मैलांवरच आहे. जोन्स अँड लाफलिनने 1957 मध्ये ॲलिक्विपाला तोच मार्ग धरला, तर यू.एस. स्टीलसारख्या बड्या कंपन्यांनी 1960 च्या दशकापर्यंत वाट पाहिली. त्या काळात त्यांनी ओपन हार्थवर ओतलेल्या पैशांबद्दल अर्थशास्त्रज्ञांमध्ये पुढे बराच वाद झाला. मॅक्लाउथने मात्र कायझरकडून परवाना घेतला नव्हता. कायझर आणि ब्रासर्ट यांनी तिला मिशिगनच्या संघीय न्यायालयात खेचले.

खटल्याचा गाभा नळीच्या उंचीत होता. घटक सगळे जुने होते, यावर कुणाचे दुमत असण्याचे कारण नव्हते. ऑक्सिजन जुना, वरून फुंकणे जुने, पाण्याने थंड केलेली नळीही जुनी. झोत धातूत खोल जाऊ द्यायचा नाही, ही एवढीच गोष्ट नवी म्हणता येत होती. प्रतिवादी बाजूने पाहिले तर नळी वर-खाली करणे आणि दाब कमी-जास्त करणे हे भट्टीवरचा प्रत्येक माणूस करतोच. पहिल्या उंचीवर नळी जळते हे दिसल्यावर ती वर घ्यायला संशोधक कशाला हवा? पेटंटधारकांच्या बाजूने पाहिले तर त्या वेळची विद्वत्ता नेमकी उलट दिशेला बोट दाखवत होती. या विषयातले जाणते लोक झोत खोल घालवण्याच्या मागे होते. जिथे तज्ज्ञांचे मत उलटे असते तिथे त्या मताविरुद्ध जाऊन यश मिळवणे सहज सुचलेले कसे म्हणायचे? त्यातच जगभरचे कारखाने ही पद्धत उचलत होते. एखादी गोष्ट उघड असती तर इतकी वर्षे निकड असताना ती कुणीच का केली नाही, हा प्रश्न मुशेटच्या काळापासून विचारला जातच होता.

1966 मध्ये जिल्हा न्यायालयाने पेटंट अवैध ठरवले. 1968 मध्ये सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. 1966 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर या निकालात सहजता तपासायची रीत घालून दिली होती: आधीचे ज्ञान किती, नव्यात फरक काय, सामान्य कौशल्याची पातळी कोणती हे पाहायचे, आणि व्यापारी यश किंवा दीर्घकाळची न भागलेली गरज यांना साहाय्यक पुरावा म्हणून जागा द्यायची. त्या रीतीने पाहिले तर मॅक्लाउथच्या निकालाची एक बाजू पटते. जो हक्क ‘खोल जाऊ न देणे’ अशा शब्दांवर उभा असतो त्याची सीमा कुठे संपते हे सांगणे कठीण, आणि खोल व उथळ यांमध्ये रेघ ओढता येत नसेल तर आधीच्या प्रयोगांपासून तो वेगळा काढणेही कठीण. तरी लिंझच्या त्या उन्हाळ्यात जे घडले त्याला नुसती भट्टीवरची दुरुस्ती म्हणणे कमी पडते. नळी वर घेणे सोपे होते. वर घेतल्यावर धातू स्वतःच ढवळला जाईल आणि फॉस्फरस इतक्या लवकर जाईल, हे त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलेले नव्हते. सहजतेची तपासणी कृतीवर थांबवायची की तिच्या फळावरही करायची, हा प्रश्न या निकालानंतरही उरतोच.

कायझरने माघार घेतली नाही. जोन्स अँड लाफलिनविरुद्ध पेनसिल्व्हेनियात दुसरा दावा चालू होता. तोवर कायदा बदलला. पेटंट एका न्यायालयात अवैध ठरले तरी दुसऱ्या प्रतिवादीविरुद्ध ते पुन्हा लढवता येई, हा जुना नियम सर्वोच्च न्यायालयाने 1971 च्या ब्लाँडर-टंग खटल्यात मोडला. पहिल्या खटल्यात पूर्ण आणि न्याय्य संधी मिळाली असेल तर पेटंटधारकाला दुसरी संधी नाही. एक अपवाद असा, की पहिल्या न्यायालयाला तांत्रिक विषय मुळीच कळला नसेल. पेनसिल्व्हेनियाच्या जिल्हा न्यायालयाने या अपवादाखाली कायझरला पुन्हा लढण्याची वाट मोकळी केली. 1975 मध्ये तिसऱ्या मंडळाच्या अपील न्यायालयाने ती बंद केली आणि मॅक्लाउथचा निकाल कायझरवर बंधनकारक धरला. तोवर 1957 च्या पेटंटची सतरा वर्षांची मुदतही संपून गेली होती. अमेरिकेत ऑक्सिजनच्या पोलादाने 1970 मध्येच ओपन हार्थला मागे टाकले होते.

इतर देशांत याच पेटंटचा प्रवास वेगळा झाला. जपानमध्ये निप्पॉन कोकान कंपनीने सर्वांच्या वतीने परवाना घेतला आणि बाकीच्या कंपन्यांनी तिच्याकडून उपपरवाने घेतले. सरकारने हे घडवून आणले, त्यामुळे टनामागचा खर्च नाममात्र राहिला आणि न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. भारतात जर्मन सहकार्याने उभ्या राहिलेल्या रूरकेलाने सर्वांत आधी एल.डी. पद्धत घेतली. त्याच काळात सुरू झालेले भिलाई आणि दुर्गापूर ओपन हार्थवरच चालले.

भारतीय कायद्यात हीच कसोटी धातूच्याच धंद्यात, पण पोलादाऐवजी भांड्यांवर ठरली. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजकडे भांडी लेथवर धरून घासण्याच्या साधनाचे 1951 चे पेटंट होते. जुन्या रीतीत भांडे फिरता फिरता उडून कामगाराला लागण्याची भीती असे. नव्या साधनात दुसऱ्या बाजूने टोकाचा दाब देऊन ते पक्के धरले जाई. 1978 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या निकालात हे पेटंट रद्द ठरवले. कारण दिले ते हेच, की आधारासाठी असे टोक वापरणे लेथवर पूर्वीपासून होते आणि इथे केलेली सुधारणा कारखान्यातल्या कारागिराच्या हातची होती. 1970 च्या भारतीय पेटंट कायद्यात ‘शोधक पाऊल’ या संज्ञेची आजची व्याख्या 2005 च्या दुरुस्तीने आली. तंत्रात प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावीत, आणि त्या विषयात कुशल असलेल्या व्यक्तीला ती उघड वाटू नये, अशी तिची अट आहे.

तळातून शुद्ध ऑक्सिजन फुंकण्याचा जुना प्रश्नही 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुटला. कॅनडातल्या सावार आणि ली यांनी ऑक्सिजनच्या नळीभोवती दुसरी नळी बसवून तिच्यातून हायड्रोकार्बन वायू सोडला. तो वायू तापून विघटित होताना उष्णता शोषतो आणि नळीचे तोंड जळत नाही. जर्मनीतल्या माक्सिमिलियानस्ह्युटे कारखान्याने त्यावर ओ.बी.एम. पद्धत उभी केली.